परत आलेल्यांची यादी

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर पाच होते, आणि त्या पाचांच्या रजा मंजूर करणारी बाई डॉक्टर नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. वर्षानुवर्षं अभ्यास करून, परीक्षांपायी रक्त आटवून मी तिथे लागले, आणि शनिवारची सुट्टी हवी तर अर्ज कुणाकडे द्यायचा? जिने याच दवाखान्यातले पिंजरे धुतले होते तिच्याकडे. मी नाक मुरडलं. बाकीच्या तिघा डॉक्टरांनीही मुरडलं, पण ते माझ्यापेक्षा मुरलेले होते, त्यांनी ते पाठीमागे मुरडलं.

सगळे त्यांना ताई म्हणायचे. एकोणिसाव्या वर्षी त्या इथे आल्या. दवाखाना ज्यांनी उभा केला त्या मोठ्या डॉक्टरांच्या आठवड्याभरात लक्षात आलं, की या मुलीने धरलेलं जनावर हलत नाही. जनावर धरणं म्हणजे ताकदीचं काम असा बऱ्याच जणांचा समज असतो. एक हात जबड्याखाली, दुसरा पाठीवरून, आणि डोकं आपल्या बरगड्यांशी टेकवून घ्यायचं. आवळायचं नाही आणि सोडायचंही नाही. हे ज्याला येतं त्याला येतं. बारा वर्षं त्यांनी हेच केलं. मांजरांनी ओरबाडल्याचे व्रण त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत होते, आणि गरमीच्या दिवसांतही त्या बाह्या लांबच ठेवायच्या.

मग काउंटर आलं, मग औषधांच्या फ्रिजची जबाबदारी, मग ड्युटीचं वेळापत्रक. प्रत्येक पायरीला कुणीतरी म्हणालंच की हिला झेपणार नाही. चाळिशीत त्यांनी दवाखाना चालवण्याच्या शिक्षणाचा दोन वर्षांचा कोर्स केला, रविवारी सकाळी वर्गात बसून, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी. त्यांचे यजमान सांगायचे, "घरात एकच मॅनेजर बरा, म्हणून मी राजीनामा देऊन टाकला." कोर्स संपला त्याच महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी त्यांना व्यवस्थापक केलं. वरच्या मजल्यावर एक खोली दिली, दारावर पाटी लावली. त्या दिवशी ताई दोनदा खोलीबाहेर येऊन पाटीकडे बघून गेल्या असं काउंटरवरची मुलगी सांगायची. मी तेव्हा हसले होते. आज हसू येत नाही.

कोर्सातून त्यांनी एक सवय आणली. ऑपरेशन झालेलं जे जनावर पंधरा दिवसांच्या आत परत येईल, टाके उसवले म्हणून, जखम चिघळली म्हणून, त्याची नोंद. महिन्याला एक कागद: जनावर कोणतं, कशासाठी परत आलं, ऑपरेशन कुणी केलं. आम्ही त्याला परत आलेल्यांची यादी म्हणायचो आणि टिंगल करायचो. आमच्यातले एक डॉक्टर म्हणाले, आता शाळेसारखं प्रगतिपुस्तकही घरी पाठवा.

पहिल्या महिन्यात चार जनावरं परत आली. त्यातली तीन मोठ्या डॉक्टरांची. दुसऱ्या महिन्यात पाचांतली चार. ताईंनी स्वतःची समजूत घातली, की अवघड केसेस तेच घेतात. तिसऱ्या महिन्यात नवांपैकी सात त्यांची निघाली, तेव्हा ताईंनी सातही फाइली काढल्या. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. मांजरींची साधी नसबंदी, एक पायातली काच. चाळीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाच्या हातून हे टाके सुटावेत कसे?

दुसऱ्या दिवशी माणूस कमी आहे अशी सबब सांगून त्या स्वतः ऑपरेशनच्या खोलीत गेल्या. भुलीचं इंजेक्शन होईपर्यंत मांजर धरलं आणि मग बाहेर न जाता तिथेच उभ्या राहिल्या. डॉक्टर टाका घालताना सुई टोचायच्या आधी जखमेची कड बोटाने चाचपत होते. धाग्याचं टोक चिमट्यात पकडताना दोनदा चिमटा रिकामा मिटला. दिवा जवळ घ्या, म्हणाले. दिवा जवळच होता. त्यांना अंतर कळत नव्हतं. ताई बाहेर आल्या, आणि कुणालाही काही बोलल्या नाहीत.

इथे त्यांचं चुकलं. त्या वाईट म्हणून चुकल्या असत्या तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. ज्या माणसाने पिंजऱ्यापासून खुर्चीपर्यंत आणलं, त्याला "आता तुमचा हात थांबवा" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांच्या हातात वेळापत्रक होतं. त्यांनी वेळापत्रकाच्या आडून काम साधलं. मोठ्या डॉक्टरांच्या वाट्याला तपासण्या वाढल्या, दाखले वाढले, बाहेरच्या बैठका वाढल्या. लोक तुमच्याच सल्ल्यासाठी थांबतात, असं त्यांना सांगितलं गेलं. ऑपरेशनं एकेक करून दुसऱ्या नावावर गेली.

ते दुसरं नाव माझं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं माझा हात चांगला आहे. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. आईला फोन करून सांगितलं, की इतक्या लवकर इतकी ऑपरेशनं कुणाला मिळत नाहीत. म्हाताऱ्या डॉक्टरांचे सुटलेले टाके मीच पुन्हा घालत होते, म्हणजे मला दिसत नव्हतं असंही नाही. दिसत होतं. पण फायदा माझा होत होता, म्हणून मी मूग गिळून बसले.

यादी सुधारली. चौथ्या महिन्यात तीन, पाचव्यात दोन. ताईंना वाटलं, निभावलं. महिन्याकाठी एखाददुसरं ऑपरेशन डॉक्टर अजूनही करायचेच, पण कागदावर ते उठून दिसेनासं झालं.

आठव्या महिन्यात एका शनिवारी मी रजेवर होते. रजा ताईंनीच मंजूर केली होती. दुपारी शाळेच्या बसचा ड्रायव्हर आपला मोठा तपकिरी कुत्रा उचलून घेऊन आला. कुत्र्याच्या पोटात प्लीहा फुटून रक्त वाहत होतं. थांबायला वेळ नव्हता. दवाखान्यात मोठे डॉक्टर एकटेच होते. त्यांनी कुत्रा टेबलावर घेतला.

रविवारी सकाळी मला बोलावणं आलं. कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी पोट पुन्हा उघडलं. आत रक्ताचं तळं झालं होतं, आणि शिरेवरची गाठ सुटून धागा मोकळा लोंबत होता. मी ती शीर बांधेपर्यंत कुत्रा गेला.

बाहेर ड्रायव्हर उभा होता. मी त्याला म्हणाले, वय झालं होतं त्याचं, शरीराने साथ दिली नाही. ताई माझ्या शेजारी होत्या. ड्रायव्हरने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, तुम्ही सगळ्यांनी फार केलंत. कुत्रा सहा वर्षांचा होता. मोठ्या जातीची कुत्री लवकर म्हातारी होतात, पण सहा हे त्यांचंही म्हातारपण नव्हे. त्याने विश्वास ठेवला, कारण मी डॉक्टर होते.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी ताई माझ्याकडे आल्या. मोठ्या डॉक्टरांशी बोलायचंय, म्हणाल्या, डॉक्टरांनी डॉक्टरांना सांगितलं तर बरं पडेल. आठ महिने मनात धरलेला राग मी नेमका तेव्हा काढला. म्हणाले, "हा मॅनेजरचा प्रश्न आहे, ताई."

"आहेच," त्या म्हणाल्या. "मीच बोलेन. तुम्ही फक्त ती गाठ कशी होती ते सांगा." आणि त्या चालायला लागल्या, त्यामुळे मला त्यांच्यामागे जावं लागलं.

डॉक्टर आपल्या खोलीत चष्मा पुसत बसले होते. ताईंनी आठ कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पहिला उचलला, डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे वळवला, आणि परत दिला. वाच, म्हणाले. ताईंनी उभ्यानेच वाचून दाखवलं, पहिल्या महिन्यापासून. कुठलं जनावर, कशासाठी परत आलं, ऑपरेशन कुणी केलं. एकही ओळ त्यांनी गाळली नाही. शेवटी कुत्रा आला. मग मी गाठीचं सांगितलं. माझं बोलणं दोन वाक्यांत संपलं.

डॉक्टर म्हणाले, "ही खुर्ची मी तुला का दिली असं तुला वाटतं?"

ताई म्हणाल्या, इतकी वर्षं इथे काढली म्हणून.

"त्यासाठी पगार वाढवला असता." ते हळू बोलत होते. "उजवा डोळा गेल्या वर्षीच अधू झाला. ही डॉक्टर मंडळी माझा मान राखतात, ती मला बोलणार नाहीत. माझं मला सोडवत नव्हतं. म्हटलं, ही पोरगी पिसाळलेल्या मांजरीला धरते, ही मला थांबवेल. पहिल्याच कागदावर दिसत होतं ना? आठ महिने लागले तुला."

मला वाटलं ताई आता रडतील. मी त्यांना ओळखलंच नव्हतं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला माहीत होतं, सर. तरी तुम्ही त्या कुत्र्याचं पोट उघडलंत. मी थांबवायची वाट बघत उघडलंत."

पंचवीस वर्षांत त्या त्यांच्याशी असं बोलल्या नसतील. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

ताईंनी टेबलावरची उद्याच्या ऑपरेशनांची यादी ओढली, त्यातल्या डॉक्टरांच्या नावावर काट मारली, आणि कागद त्यांच्याकडे फिरवून दाखवला. आजपासून तुम्ही ऑपरेशन करणार नाही, तपासणी करा, शिकवा, पण हत्यार हातात घ्यायचं नाही, असं त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, आणि तो ड्रायव्हर? ताई म्हणाल्या, त्याच्याकडे मी आत्ता जातेय. डॉक्टर उठले आणि खुंटीवरचा कोट काढू लागले. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. खोटं मी बोलले होते, पण मीही खुर्चीवरून उठले नाही.

पुढे ताईंची बढती झाली. आज तीन दवाखाने त्यांच्या हाताखाली आहेत, आणि तिन्हीकडे ती यादी दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचली जाते. बढतीच्या मुलाखतीत त्यांनी ही हकिगत आपणहून सांगितली, कुत्र्यासकट, असं मी ऐकलं. मला त्या कधी टोचून बोलल्या नाहीत. रजा मात्र अजूनही त्याच मंजूर करतात, आणि मी अर्ज नीट लिहिते.

ड्रायव्हरच्या घरी काय झालं ते मला फार उशिरा कळलं, मोठ्या डॉक्टरांकडूनच. दोन खोल्यांचं घर, दाराशी कुत्र्याची पाण्याची थाळी तशीच भरलेली. डॉक्टरांनी सांगितलं, "गाठ माझी सुटली." ड्रायव्हर म्हणाला, मी मुलीला सांगितलंय की तो म्हातारा झाला होता. तिने वहीत तसं लिहूनही ठेवलंय. आता तिला काय सांगू? ताई म्हणाल्या, तिला बोलवा, मी सांगते.

मुलगी असेल अकरा वर्षांची. ताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि तिला समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं. डॉक्टरांना नीट दिसत नव्हतं, तरी त्यांनी ऑपरेशन केलं, आणि आतली गाठ सुटली.

मुलीने डॉक्टरांकडे बघितलंही नाही. तिने ताईंना विचारलं, "त्यांना दिसत नाही हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

ताई म्हणाल्या, "हो."

मुलगी उठून आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ताई तिथेच बसून राहिल्या. ड्रायव्हरने दोनदा सांगितलं की तुम्ही आता निघा, तेव्हा त्या उठल्या.