शेवटच्या सीनमध्ये न आलेलं नाव

मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटकडे लग्नाचा व्हिडिओ विदाईवर संपत नाही. मुलगी गाडीत बसते, बाप डोळे पुसतो, गाडी वळणावर दिसेनाशी होते, मग पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि कापून-जोडून मिक्सिंग करणाऱ्याचं नाव येतं. खाली मोबाइल नंबर. माझ्या दुकानाच्या व्हिडिओत ते नाव आठ सेकंद राहायचं. मी लोकांशी सगळ्या गोष्टींवर भाव केला आहे. किती फोटो, कोणती गाणी, वरातीत किती वेळ घोडा दाखवायचा, काहीच सोडलं नाही. नावाचे आठ सेकंद मात्र भावात कधी आले नाहीत. ज्यांना ते नको होते त्यांना मी दुकानाच्या पायऱ्या उतरून जायला सांगितलं.

दुकानाला आईचं नाव होतं. आई रामपायलीत मुरमुरे-फुटाणे विकायची, आठवड्याला दोन बाजार करायची. भाव कसा करायचा ते मी तिच्याकडूनच शिकलो. शेवटी एक मूठ जास्त टाकायची, म्हणजे गिऱ्हाईक जिंकल्यासारखं घरी जातं. तिला वाचता येत नाही, पण पाटीवरचं आपलं नाव ती लांबूनही ओळखायची, जसं आपण एखाद्या ओळखीच्या माणसाला चालीवरून ओळखतो.

एका दुपारी दुकानात एक मॅडम आल्या. कॉलेजात शिकवत होत्या, घर किरनापुरात. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बाजारात कॅमेरा फिरवायची अक्कल फक्त या मिक्सिंगवाल्याला आहे. त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर लोकरीचा गुंता दिसत होता, हिरवा.

"भाऊ, हे एन्झाइम आहे," त्या म्हणाल्या. "धानाच्या दाण्यात असते."

"याची वरात काढायची आहे का?"

"तसंच समजा. शेतकऱ्यांले दाखवायचं आहे, आपल्या चिन्नोर धानाले वास काहून येते."

त्यांना दोन मिनिटांची फिल्म आठ दिवसांत हवी होती. मी वीस मागितले, बारावर तोडलं. मग म्हणालो, "शेवटी दुकानाचं नाव येईन." त्या हसल्या. "हौ, टाका. कोण नाई म्हणते?"

ते बारा दिवस मला आजही तारीखवार आठवतात. दुकानाला मागे एक खोली होती, तिच्यात कूलर आणि एक जुना कॉम्प्युटर. मॅडम कॉलेज सुटलं की यायच्या, सोबत थर्मासमध्ये चहा. सॉफ्टवेअर फुकटचं होतं, पण त्याला माउसपेक्षा लिहिलेलं जास्त समजायचं. एका ओळीत सांगायचं, हा भाग दाखव. दुसऱ्या ओळीत, याला रंग दे. तिसरीत, कॅमेरा इतका वळव. सगळं मनासारखं जमलं की त्या क्षणाला एक नाव द्यायचं आणि ठेवून द्यायचं. त्याला सीन म्हणतात. काय दिसतंय, काय लपलंय, कोणता रंग, कॅमेरा कुठे, हे सगळं तो सीन लक्षात ठेवतो. मग स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याच ओळींच्या यादीत, लिहायचं, पहिल्या सीनपासून दुसऱ्यापर्यंत नव्वद चित्रांत जा. मधली चित्रं कॉम्प्युटर स्वतः भरतो.

हे मला एका दिवसात समजलं. लग्नात मी तेच तर करत होतो, फक्त मधली चित्रं भरायला मला सगळी रात्र नवरदेवासोबत चालावं लागायचं.

मॅडम मला विज्ञान सांगायच्या. त्या गुंत्यात एक खोबण आहे, तिथे हे एन्झाइम एक पदार्थ पकडून त्याचं दुसरंच काही करून टाकतं. साध्या धानात ते धड असतं म्हणून वास राहत नाही. सुवासिक धानात ते बिघडलेलं असतं. ते काम करत नाही, मग वासाचा पदार्थ साठत जातो.

"म्हणजे बिघाड झाला म्हणून वास?" मी विचारलं.

"हौ. पूर्ण बिघाड."

हे मला इतकं आवडलं की मी ते पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, ऐकायचं असो की नसो.

रंगांवरून आमचं रोज भांडण व्हायचं. मला लाल आणि शेंदरी हवा होता, खोबणीत सोनेरी चमक हवी होती. त्यांना सगळं दाण्याच्या रंगाचं हवं होतं.

"भाऊ, हे लगन नाई आहे."

"मॅडम, शेतकरी पाहणार आहे. तो झोपून जाईन."

शेवटी एन्झाइम दाण्याच्या रंगाचं झालं आणि खोबण शेंदरी. मी एक मूठ जास्त टाकली होती, त्यांना वाटलं त्याच जिंकल्या.

सात सीन झाले, नाव देऊन ठेवून दिले. सगळ्यात शेवटी मी दुकानाचं नाव आणि नंबर त्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिला, गुंत्याच्या खाली, मधोमध. पडद्यावर छान दिसत होता. मग फिल्म काढायला लावली. एकेक चित्र निघत होतं, त्यात दीड दिवस गेला, मध्ये दोनदा लाइटही गेली. फिल्म तयार झाली तेव्हा मॅडम पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभ्या होत्या. मी सुरुवातीचं अर्धं मिनिट पाहिलं आणि देऊन टाकली. सुरुवातीला कॉलेजची पाटी त्या स्वतः जोडणार होत्या.

कार्यक्रम कॉलेजच्या हॉलमध्ये होता. बिरशापासून शेतकरी आले होते. मी आईला बोलावलं होतं. सांगितलं होतं, तुझं नाव आज भिंतीएवढं दिसेल. ती बसने आली, इस्त्रीचं लुगडं नेसून, मांडीवर मुरमुऱ्याची पिशवी. पुढून दुसऱ्या रांगेत बसली.

फिल्म सुरू झाली. खोबण शेंदरी उजळली तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "अरे वा." शेवटचा सीन आला, एन्झाइम हळूहळू एक फेरी फिरलं. आई पुढे वाकली. मग पडदा पांढरा झाला आणि लोक टाळ्या वाजवू लागले.

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. "झाली का?"

"हौ."

"चांगली होती," ती म्हणाली आणि पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

बाहेर सायकल स्टँडजवळ मी मॅडमना गाठलं. आठ-दहा लोक होते, आईही होती. मी म्हणालो, "कामापुरता भाऊ होतो. नाव टाकायच्या वेळेस कात्री लावली."

"काहून कापणार मी? मी काहीच..."

मी पुढचं ऐकलं नाही. जे बोलू नये ते बोललो, तेही हिंदीत, म्हणजे सगळ्यांना समजावं म्हणून. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या. मग निघून गेल्या. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

नंतर लग्नांचं काम मोबाइलवाल्यांनी खाल्लं आणि मी हेच काम धरलं. आज लांबलांबच्या प्रयोगशाळांसाठी अशा फिल्मा करतो, घरी बसून. दुकान बंद झालं, पाटी माळ्यावर आहे. प्रत्येक सौद्यात माझी पहिली अट नावाची असते आणि अट घालताना मी मॅडमची गोष्ट सांगतो. इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यात कात्रीचा आवाजही येतो.

यंदा उन्हाळ्यात सुवासिक धानाचंच काम आलं. म्हटलं, जुनी स्क्रिप्ट उघडून पाहू. ती चालवली आणि चहाचा कप हातात घेऊन बसलो. दाण्याचा रंग, शेंदरी खोबण, सात सीन. आता शेवटी नाव येणार, कारण ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं मला समोर दिसत होतं.

नाव आलं नाही.

कारण समजायला एक मिनिटही लागलं नाही. आज हे कुणी मला विचारलं असतं तर मी हसलो असतो. सीन ठेवून दिला तेव्हा नाव नव्हतं. नाव नंतर लिहिलं. सीन पुन्हा बोलावला की तो आपल्याला ठाऊक असलेलंच दाखवतो, बाकीचं लपवतो. माझ्याच शेवटच्या सीनने माझ्या आईचं नाव लपवलं होतं.

आधी मला मॅडमचाच राग आला, हे खरं सांगतो. त्यांनी तरी विचारायचं होतं, भाऊ, नाव कुठे गेलं? त्या रागात दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून नंबर मिळवून फोन लावला. सगळं सांगितलं, सीनचं, नावाचं, चुकीचं.

"मले वाटलं, तुम्हीच काढलं," त्या म्हणाल्या. "रंगावरून रागावले म्हणून. मी म्हटलं, माणसाले आपलं नाव नाई पाहिजे तर आपण काहून विचारावं?"

"मंग त्या दिवशी सांगायचं ना."

"सांगत होती. तुम्ही ऐकून राह्यले होते का?"

मी चूक मान्य केली. माफी मागायची सवय नाही, म्हणून म्हणालो, फिल्म नव्याने काढून देतो, फुकट. त्या लगेच भावावर आल्या. "फिल्म मी अजून दाखवते, धान लावायच्या आधी, दरवर्षी. नवीन काढा. पण या वर्षी तुम्ही या. आईले घेऊन या. मी त्या दिवशी त्यांच्याच मागे बसली होती." यात तोडायला मला काही सापडलं नाही.

चूक दुरुस्त करायला एक ओळ पुरली. नाव आधी, मग सीन. या वेळी फिल्म अर्ध्या तासात निघाली आणि मी ती शेवटपर्यंत पाहिली. लॅपटॉप घेऊन रामपायलीला गेलो. आई आता बाजार करत नाही, ओट्यावर बसून असते. तिने पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. एन्झाइम फिरलं, थांबलं, नाव आलं.

"माझं आहे," ती म्हणाली.

"हौ. त्या बाईनं नव्हतं कापलं. माझीच चूक होती."

"मले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्या बाईचं तोंड पाह्यलं होतं मी. तू बोलत होता तवा." ती पडद्याकडेच पाहत होती. नाव गेलं होतं. "किती वेळ राह्यते हे?"

"आठ सेकंद."

"दहा कर."

मी नऊवर तोडून पाहिलं. तिने ऐकलं नाही.