पहिली काही मिनिटं

शाळेत असताना मला सगळे आळशी म्हणायचे आणि मलाही ते खरंच वाटायचं. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावातून शाळेकडे जाताना एक चढ लागतो. फार मोठा नाही. पण त्या चढाला लागलं की थोड्याच वेळात माझ्या मांड्या दगडासारख्या घट्ट व्हायच्या. मी चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करून खाली बसायची. मैत्रिणी पुढे निघून जायच्या. गंमत अशी, की थोडं थांबून पुन्हा सावकाश चालायला लागले की पाय आपोआप मोकळे व्हायचे, आणि मग मला कितीही चालवा, काही वाटायचं नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. सुरुवातीलाच थकते आणि पुढे थकत नाही, असं सांगणाऱ्या मुलीवर कोण विश्वास ठेवणार?

घरी शेती होती. कपाशी वेचायला मी चांगली होते, कारण ते काम सावकाशीचं. सोयाबीनच्या पेंढ्या उचलून गंजीवर टाकायची वेळ आली की माझे दंड भरून यायचे. आई वैतागायची. "हिले जोराचं काम सांगतलं का लगेच हातपाय दुखतात." ती वाईट मनानं बोलत नसे. ती स्वतः दुप्पट ओझं उचलायची, एवढंच.

बारावीनंतर मी बुलढाण्याला कॉलेजात गेले. एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. ती पोलीस भरतीची तयारी करत होती, मग मीही करायला लागले. सकाळी मैदान मुलामुलींनी भरलेलं असायचं. आम्हाला शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. मुलांना सोळाशे मीटर पळायचं, आम्हाला आठशे. शंभर मीटरच्या शर्यतीत सुरुवातीला मी कोणाच्या हाती लागत नसे, आणि शेवटी शेवटी पाय जड होऊन मागे पडायची. सर म्हणायचे, "पाय हायेत तुले, जिगर नाही."

ते ऐकून मला झोंबायचं. मग मी एक युक्ती काढली. आठशे मीटरच्या आधी सगळ्यांच्या अगोदर मैदानावर यायचं आणि कडेकडेनं बराच वेळ सावकाश फिरायचं. तसं केलं की पळता यायचं, अगदी पहिल्या नंबरानं नाही, पण यायचं.

सरावाची शेवटची चाचणी होती त्या दिवशी मला उशीर झाला. मी पोचले तेव्हा मुली रेषेवर उभ्या होत्या. मी सरांना म्हटलं, "सर, मी थोडी फिरून घेते."

"भरतीत तुले फिरू देतीन काय? उभी राह्य." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मांड्या भरतीन. आम्ल साचते त्याच्यानं दुखते. सगळ्यायलेच साचते. थांबायचं नाही."

मी थांबले नाही. पहिली फेरी संपता संपता मांड्या आवळल्या. दुसऱ्या फेरीत पोटऱ्यांत गोळे आले, आणि ते नेहमीसारखे सुटेनात. तरी मी पळत राहिले. मला कोणीतरी एकदा तरी जिगर आहे म्हणावं असं वाटत होतं. मग पाय माझे राहिलेच नाहीत आणि मी तोंडावर पडले. हाताच्या मुठी मिटल्या होत्या, त्या उघडत नव्हत्या. मैत्रीण माझी बोटं एकेक करून सोडवत होती आणि रडत होती. सरांनी मीठ-साखरेचं पाणी दिलं. ते घाबरलेले मला स्पष्ट दिसले.

दुपारी खोलीवर लघवीला गेले तर रंग काळ्या चहासारखा. मग मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "काही बोलू नोको, चाल दवाखान्यात."

तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मूत्रपिंडावर ताण आला आहे, म्हणाले. सलाईन लावून मला संभाजीनगरला पाठवलं. आई-बाबा गावाहून तिकडे आले. आईनं माझे सुजलेले पाय पाहिले आणि विचारलं, "एवढं दुखून राह्यलं होतं तर थांबली काऊन नाही वं?" मी थांबायची तेव्हा आळशी ठरायची.

मूत्रपिंड हळूहळू सावरलं. पण तिथल्या डॉक्टरबाईंना एवढ्यावर समाधान नव्हतं. एका पळण्यानं एवढं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या माझ्या खाटेवर बसल्या आणि लहानपणापासूनचं विचारू लागल्या.

"चढावर काय व्हायचं?"

मी सांगितलं.

"आणि थांबून परत चाललीस की?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. "मग काहीच व्हायचं नाही," मी म्हटलं. "मग मी कितीही चालायचे."

त्यांनी मान हलवली. बरी झाल्यावर मला पुन्हा बोलावलं, हातात रबरी चेंडू देऊन मूठ दाबायला लावली आणि मधून मधून रक्त घेतलं. रक्ताचा आणखी एक नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. निकाल आला तेव्हा आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो.

त्यांनी सोपं करून सांगितलं. स्नायूत थोडी आयती ताकद असते, ती काही क्षणांतच संपते. मग स्नायू स्वतःत साठवलेली साखर फोडतो. ते झटपट होतं, प्राणवायूची वाट बघावी लागत नाही. त्यानंतर रक्तातून साखर, चरबी आणि प्राणवायू पुरेसा येऊ लागतो आणि लांबची मजल त्यावर चालते.

"तुझ्यात मधलं होतच नाही," त्या म्हणाल्या. "साखर भरपूर साठलेली आहे. पण ती फोडणारं एन्झाइम जन्मापासून नाही. पहिलं संपलं आणि रक्तातलं अजून पोचलं नाही, तेवढ्या वेळात तू जोर लावलास तर स्नायू मोडतात. लघवीतून गेला तो त्यांचाच रंग."

"सर म्हणाले होते आम्ल साचतं."

"इतरांचं साचतं. चेंडू दाबताना तुझ्या रक्तात ते वाढलंच नाही. त्यावरूनच मला कळलं."

मला आधी हलकं वाटलं. एवढी वर्षं मी स्वतःला जे म्हणत आले ते खरं नव्हतं. आणि लगेच कळलं, की यावर औषध नाही. सावकाश सुरुवात करायची, थोडी साखर खाऊन निघायचं, जड उचलायचं नाही, लघवीचा रंग बदलला तर दवाखाना गाठायचा. जन्मभर.

बाबांनी विचारलं, "हे आलं कुठून?"

डॉक्टरबाई जपून बोलल्या. दोघांकडूनही यावं लागतं, म्हणाल्या, दोघांना स्वतःला काही त्रास नसतो. "तुमचं लग्नाआधीचं काही नातं आहे का?" त्यांनी विचारलं.

आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे त्यात कोणाला वावगं वाटत नाही. आईनं पदर नीट केला आणि विचारलं, "म्हणजे आमच्या लग्नानंच झालं काय हे?"

"तसं मनात आणू नका. हे नात्याबाहेरच्या जोडप्यांतही होतं."

"पण नात्यात जास्त होते ना?"

डॉक्टरबाई नाही म्हणाल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर तिनं मला पाण्याची कळशीही उचलू दिली नाही. मी म्हटलं, "आई, अर्धी भरलेली चालते." ती म्हणाली, "ठेव ते," आणि हातातून ओढूनच घेतली. पुढे माझ्या मामाच्या घरी, म्हणजे तिच्याच माहेरी, लग्न होतं, तिथेही ती गेली नाही. तिचं आणि बाबांचं लग्न तिच्या वडिलांनीच जमवलं होतं. मी तिला समजवायला गेले की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. तिनं मला आळशी म्हटल्याचा राग मला कधी आला नव्हता. आता ती काहीच म्हणत नव्हती, त्याचा यायचा.

भरती सुटली. मैत्रीण पास झाली. मी बुलढाण्यात एका कार्यालयात संगणकावर काम करते. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा बाबांनी सगळं खरं सांगितलं. ते चहा पिऊन गेले. निरोप आला नाही.

गेल्या महिन्यात बसस्थानकाबाहेर एका म्हातारीनं मला थांबवलं. पायाशी भाजीचं गाठोडं होतं. "बाई, जरा हात लाव वं, डोक्यावर घेतो." असं कोणी म्हटलं तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. मी वाकले, हात गाठोड्याखाली घातला, वजन जाणवलं आणि हात काढून घेतला.

"मावशी, मले जड उचलता येत नाही. थांबा, कोणाले तरी बोलावते."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. धडधाकट बाई, पायात बूट, खांद्याला पर्स. तेवढ्यात एक कॉलेजची मुलगी आली, तिनं पटकन गाठोडं उचलून दिलं. म्हातारी तिला आशीर्वाद देत निघाली. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिकल्या का अशाच होतात."

तिला थांबवून सांगावं असं वाटलं. पण कुठून सुरू करणार होते? ती गर्दीत दिसेनाशी झाली आणि मी ऑफिसच्या रस्त्याला लागले, सावकाश.