पहिल्या बक्षिसाची लाल पाटी

माझ्या आयुष्यात मला एकदाच पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते कसं मिळालं हे सांगायचं मी चौदा वर्षं टाळत आलो आहे. घरी आलेल्या कुणी शोकेसमधल्या ढालीकडे बोट दाखवलं की मी चहा टाकायला उठतो. (मला चहा करता येत नाही. त्यावरून काय ते ओळखा.) आता वय चौऱ्याहत्तर झालं, पाहुणे कमी झाले, आणि चहा टाकायला उठण्याइतके गुडघेही राहिले नाहीत. तेव्हा सांगून टाकतो.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासणी विभागात होतो. तिथे कामगारांनी सुधारणा सुचवाव्यात म्हणून एक पेटी होती. त्या पेटीत सगळ्यात जास्त कागद माझे असत. चौतीस वर्षांत कंपनीनं माझी एकच सूचना मान्य केली, ती म्हणजे पेटीला कुलूप असावं. पुढे पेटी माझ्या टेबलापासून लांब हलवण्यात आली. ती सूचना माझी नव्हती, पण माझ्यामुळे होती.

रिटायर झालो आणि हा सगळा साठलेला सुधारणेचा जोर आमच्या चिखलीच्या सोसायटीवर आला. आधी मी पाण्याच्या टँकरसमोर होणारी भांडणं थांबवायची म्हणून बादल्यांना नंबर दिले. पूर्वी लोक पाण्यावरून भांडत, आता नंबरावरून भांडू लागले! मग शिळ्या अन्नाचा डबा, मग जुन्या चपलांची बँक. (एका डाव्या चपलेचं खातं अजून उघडं आहे.) आमची ही एवढंच म्हणायची, "अहो, लोकांचे प्रश्न सुटतील हो, पण तुम्ही जरा लांब उभे राहा."

ती किती बरोबर बोलली हे तिला तेव्हा कळलं नाही. मला पुढे कळलं, पण मी सांगितलं नाही.

आमच्या खालच्याच मजल्यावर माझा धाकटा भाऊ अशोक राहायचा. आम्हा दोघांच्या मधे चार बहिणी, त्यामुळे तो मला सोळा वर्षांनी लहान. चाकणच्या एका कंपनीत तो अकरा वर्षं कंत्राटी कामगार होता. अकरा वर्षं रात्रपाळी आणि अकरा वर्षं एकच वाट बघणं, पर्मनंट होण्याची. आमच्या भागात हा शब्द लोक देवाच्या नावासारखा उच्चारतात. पर्मनंट झालं की पोरीचं कॉलेज, म्हातारपणचं औषध, बँकेचं कर्ज, सगळ्याला दार उघडतं. त्या कंपनीत पंचेचाळिशी ओलांडली की यादीतून नाव जायचं. अशोक तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता.

रात्रपाळीवाल्याचं दुःख म्हणजे दिवसाची झोप. भाजीवाला, कुरिअर, सिलिंडर, शेजारची कढीपत्ता मागायला येणारी काकू, प्रत्येकाचं बोट बेलवर. अशोकनं त्यावर एक साधा उपाय काढला होता. झोपायच्या आधी तो कंपनीतला लाल हॅन्डग्लोज दाराच्या कडीला अडकवायचा. ज्यांना माहीत होतं ते तो बघून परत जायचे. बस्स.

मी तो हातमोजा बघितला आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला.

"अशोक, ही तर केवढी कल्पना आहे!"

"दादा, हॅन्डग्लोज हाय तो. फाटका."

"अरे, या पट्ट्यात तीन पाळ्यांत काम करणारी किती माणसं आहेत! प्रत्येक दाराला पाटी. एका बाजूनं लाल, एका बाजूनं हिरवी. लाल म्हणजे झोप चालू, बेल वाजवायची नाही. हा धंदा होऊ शकतो!"

"मंग माझा हॅन्डग्लोज परत दे."

पंधरा दिवसांत मी पत्र्याच्या चाळीस पाट्या रंगवून घेतल्या. नियम छापले. लाल पाटी असताना दार वाजवायचं नाही. झोपणाऱ्यानं मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवायचा, म्हणजे आवाज बाहेर येत नाही. आलेल्या माणसानं निरोप चिठ्ठीवर लिहून जिन्यातल्या निरोप पेटीत टाकायचा. पेटीला कुलूप. (कुलूप म्हणजे माझा हातखंडा!) किल्ली माझ्याकडे, आणि पेटी रोज संध्याकाळी सहाला मी उघडणार.

पहिला आठवडा स्वर्ग होता. दुसऱ्या आठवड्यात लोकांना पाटीचे खरे उपयोग सापडले. गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं आली त्या दिवशी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चाळीसच्या चाळीस पाट्या लाल! अख्खी इमारत भरदुपारी रात्रपाळी करून झोपलेली. सावंतकाकूंची पाटी नणंद येणार म्हटलं की आपोआप फिरायची. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांची पाटी चार दिवस लाल राहिली, लोक दबक्या पावलांनी जिना चढले, कुकरच्या शिट्ट्या दाबल्या, आणि पाचव्या दिवशी जोशी बॅगा घेऊन जिना चढताना दिसले. आळेफाट्याला लग्नाला गेले होते. एका दूधवाल्यानं तर निरोप पेटीत चिठ्ठीऐवजी दुधाची पिशवी टाकली. पेटी सहाला उघडायचा नियम होता, मी सहालाच उघडली. पुढचे तीन दिवस सगळ्यांच्या निरोपांना दह्याचा वास येत होता.

आमची ही म्हणाली, "एक पाटी तुमच्या डोक्याला लावा. लाल बाजू बाहेर."

पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेलो होतो, कारण जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं ज्येष्ठ नागरिकांसाठी स्पर्धा जाहीर केली होती. रोजच्या सामाजिक प्रश्नावर नवी कल्पना काढा, तिचा धंदा कसा होईल ते दाखवा. मी अर्ज भरला. 'ही कल्पना कशी सुचली?' या रकान्यात लिहिलं, 'दीर्घ निरीक्षणातून.' अशोकचं नाव लिहायला जागा होती. मी तिथे माझी कंपनीतली वर्षं लिहिली.

शेवटच्या फेरीसाठी तीन परीक्षक प्रत्यक्ष इमारत बघायला येणार होते. त्या दिवशी सकाळी अशोक रात्रपाळीवरून परतला आणि जिन्यातच मला म्हणाला, "दादा, आज मी पाटी न्हाई लावत. यादीचं काहीतरी हलतंय म्हणत्यात. एक जण मेडिकल तपासणीत नापास झालाय. कंपनीतनं फोन येईल, न्हाईतर माणूस येईल."

"अरे, पण आज परीक्षक येणार! खरा रात्रपाळीवाला आपल्याकडे तूच. बाकी सगळे लबाड."

"झोप लागली तर मला तोफेनं बी जाग येत न्हाई."

"मी आहे ना जिन्यात! कुणी आलं तर मी स्वतः उठवतो तुला. शब्द देतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. आमचे वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता, शाळेत नाव मी घातलं होतं. माझ्या शब्दावर शंका घ्यायची त्याला सवय नव्हती. त्यानं मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवला, पाटी लाल केली आणि झोपला. त्याची बायको मंगल पॅकिंगच्या कामाला गेली होती, पोरगी कॉलेजात.

दुपारी दोनला परीक्षक आले. दोन सर आणि एक मॅडम. मी त्यांना अशोकच्या दारासमोर उभं करून झोपेवर असं भाषण दिलं की एका सरांनी जांभई दिली. मॅडमनी विचारलं, "पण काका, कुणी अगदीच घाईचं काम घेऊन आलं तर तुमची पाटी टिकेल का?"

आणि नेमका तेव्हाच शिंदे जिना चढून वर आला. शिंदे म्हणजे अशोकच्याच लाइनवरचा कामगार. हातात हेल्मेट, घामानं निथळलेला.

"काका, अशोकरावांना उठवा. अर्जंट हाय."

मी परीक्षकांकडे बघितलं. तिघांचीही पेनं कागदावर टेकली होती. आणि माझी, चौतीस वर्षं पेटीत कागद टाकणाऱ्या माणसाची, सूचना चालते का ते पहिल्यांदाच कुणीतरी बघत होतं.

"पाटी लाल आहे," मी म्हणालो.

"अवो, कंपनीतनं आलोय. फोन उचलंना झालेत."

"अर्जंट सगळ्यांचंच असतं, राव. चिठ्ठी लिहा, पेटीत टाका."

"पण काका..."

"नियम म्हणजे नियम!"

शिंद्यानं एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी लिहिली, पेटीत टाकली आणि गेला. मॅडमनी टाळी वाजवली. होय, वाजवली! मी त्या टाळीत अशोकला दिलेला शब्द विसरलो. विसरलो म्हणतो. खरं तर आठवला होता, पण परीक्षक गेल्यावर उठवू असं म्हटलं. मग परीक्षकांना गच्ची बघायची होती. मग चहा. मग कॉलेजात निकाल लगेचच आहे, चला, म्हणाले. मी त्यांच्याच गाडीतून गेलो. शाल, नारळ, ढाल. भाषणात मी सांगितलं, की समाजानं एकमेकांच्या झोपेची काळजी घेतली पाहिजे.

परत आलो तेव्हा सहा वाजत होते. नियमाप्रमाणे पेटी उघडली. एकच चिठ्ठी होती.

'अशोकराव, तुमचं नाव लागलं. पाचच्या आत सही करायला या. नाही आलात तर पुढचं नाव घेणार. शिंदे.'

शाल खांद्यावर, नारळ काखेत, अशा थाटात मी ती चिठ्ठी चारदा वाचली. मग खिशात ठेवली.

पुढचं नाव शिंद्याचंच होतं. ते त्याला तेव्हा माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन अशोककडे आला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"अशोकराव, आलो होतो मी तुमच्याकडं," तो मान खाली घालून म्हणाला. "लय दार वाजवलं. तुमी उठलाच न्हाई."

अशोकनं माझ्याकडे बघितलं. "दादा, तू व्हतास ना जिन्यात?"

"मी परीक्षकांना घेऊन गच्चीवर गेलो होतो," मी म्हणालो.

शिंद्यानं वर बघितलं. मी शिंद्याकडे बघितलं. एवढ्या वेळात आम्हा दोघांचा व्यवहार ठरला. अशोक कपाळावर हात मारून हसला, म्हणाला, "माझीच झोप नडली, दुसरं काय!" आणि त्यानं पेढा अर्धा मोडून मला दिला. मी तो खाल्ला. (पेढा चांगला होता. हे लिहायला नको होतं, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय.)

पाट्यांचा धंदा झाला नाही. मंडळाच्या पोरांनी वर्गणीचा राग काढला आणि एका सकाळी सगळ्या पाट्या गायब झाल्या. एक सोडून. अशोकनं आपली पाटी जपून ठेवली होती. पुढच्याच वर्षी त्याचं कंत्राट संपलं, मग तो दिघीच्या बाजूला एका गोडाऊनवर वॉचमन झाला. पोरीचं कॉलेज सुटलं, ती दुकानात लागली. फ्लॅट विकून ते काळेवाडीत भाड्यानं राहायला गेले. तिथेही त्यानं दारावर ती पाटी ठोकली, पण स्वतः मात्र दिवसा कधी गाढ झोपला नाही. मंगल सांगायची, मोबाइल छातीवर ठेवून पडतात, आवाज आला नाही तरी दचकून उठतात आणि बघतात. तेरा वर्षांत त्यानं मला एकदाही बोल लावला नाही. उलट माझी कुणाशी ओळख करून देताना म्हणायचा, "आमच्या दादाला पहिलं बक्षीस हाय, कल्पनेचं!"

गेल्या वर्षी त्याचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी फार वेळ नाही म्हटलं. मी ती चिठ्ठी खिशात घातली आणि बसनं काळेवाडीला गेलो. तीन जिने चढलो. दारावर पाटी होती. लाल.

मी बेलकडे हात नेला आणि मागे घेतला. आजारी माणूस, झोपला असेल, कसं उठवायचं? पायरीवर बसलो. खरं सांगू? ती लाल बाजू बघून मला इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. तासभर बसलो. पाटी काही फिरली नाही. उतरलो आणि आलेल्या बसनं परत गेलो. म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

अठरा दिवसांनी अशोक गेला.

तेराव्याला सगळे पांगल्यावर मंगल माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, तुम्ही मागं एकदा दारापर्यंत येऊन परत गेलात ना?"

"तुला कसं कळलं?"

"त्यांनी चपलांचा आवाज ओळखला. जागेच होते. ती पाटी तर वर्षभर लालच होती, कोण फिरवतंय? मी दार उघडायला उठले तर म्हणाले, 'थांब गं. पाटी चालते का न्हाई ते बघाय आला असंल दादा. बघू, बेल वाजवतो का.' बराच वेळ दाराकडे तोंड करून पडून होते. मग तुम्ही उतरलात. तर हसले, म्हणाले, 'चालते गं अजून!'"

हो, चालते. माझ्या सगळ्या सूचनांमध्ये चाललेली ही एकच. तिनं दोन माणसं अशोकच्या दारातून परत पाठवली, एक शिंदे आणि दुसरा मी, आणि दोघांच्याही हातात तीच चिठ्ठी होती.

हे छापून आलं की एक प्रत मंगलला नेऊन देणार आहे. हातात द्यायचं धाडस होईलच असं नाही. बहुतेक बेल न वाजवता दारात ठेवीन. पण त्या दिवशी बसमध्ये मी एक वाक्य पाठ केलं होतं. तीन जिने चढताना म्हटलं, पायरीवर तासभर म्हटलं, पाटीला तर तोंडपाठ झालं असेल. ज्याच्यासाठी होतं तो दाराच्या पलीकडे जागा होता.

अशोक, तुझी झोप नडली नव्हती रे. जिन्यात मी होतो.