पटर धरण्याच्या चार रीती

हे पांडुरंगा, हे करवित्या, तू कुणाच्या हाती वीणा दिलीस, कुणाच्या हाती नांगर दिलास, आणि कासुर्डीच्या सर्जेरावांच्या खांद्यावर दुसऱ्याची बॅग ठेवलीस. तुझ्या या थकल्या लेकराची कथा तुझ्याच पायाशी बसून सांगतो.

बावीस वर्षे सर्जेराव गोल्फच्या मैदानावर कॅडी होते. साहेब खेळत, सर्जेराव काठ्यांची बॅग वाहत. आता दोन्ही गुडघे झिजले होते. सकाळी ते भिंत धरून उठत, आणि ते न पाहवून पत्नी पुतळाबाई तोंड फिरवून घेत.

अशात मैदानावर नवशिक्यांना पटर शिकवायला माणूस हवा होता. पटर म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायची काठी. काम एका जागचे, ओझे नाही. मॅनेजर सत्यजीतसाहेब म्हणाले, "मामा, शनिवारी एका बाईंना शिकवून दाखवा. तासाभरात त्यांचे सलग तीन चेंडू भोकात गेले, तर काम तुमचं."

"तुम्ही शिकिवणार?" घरी पुतळाबाई हसल्या. "मला सायकल शिकिवताना हिरीत घातली हुती!"

"हिरीत न्हाई, वढ्यात."

शनिवारी सुलक्षणाबाई आल्या, निवृत्त शिक्षिका. सर्जेरावांनी पुस्तकातली रीत दाखवली: उजवा हात खाली, दोन्ही अंगठे दांड्यावर सरळ. ऐन वेळी बाईंचे मनगट झटकले, चेंडू पुढे पळाला. मग डावा हात खाली घेतला, तेच. मग नमस्कारासारखे तळवे समोरासमोर; तेच. अर्धा तास सरला. सत्यजीतसाहेब घड्याळ पाहत होते. सर्जेरावांचे गुडघे पेटले, आणि कॅडीने कधी बसू नये तिथे, गवतावर, ते मटकन बसले.

बसले, तेव्हा बाईंचे हात डोळ्यांसमोर आले. उजवा हात डाव्याशी भांडत होता.

"बाई, ह्यो उजवा हात लई राबलाय. फळ्यावर लिवून लिवून. त्येला सुट्टी द्या."

"म्हणजे सोडून देऊ?"

"न्हाई. बुक्का चिमटीत धरता न्हवं? तसं निस्तं बोटं लावा. जोर डाव्याचा."

"बुक्का सांडेल की हो!"

"सांडू द्या, भोकात सांडू द्या!"

पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. तिसरा काठावर रेंगाळला, जणू त्यालाही दम लागला होता, आणि आत पडला.

"मामा, ही पकड कुणी शिकवली?" सत्यजीतसाहेबांनी विचारले.

"कुनी न्हाई. एक म्हातारं साहेब असं धरायचं. बारा वर्सं त्येंची बॅग उचलली, बघत आलो."

"सोमवारपासून बॅग उचलायची नाही."

सर्जेराव हसले, पण त्यांना उठता येईना. बाईंनीच हात दिला.

घरी पुतळाबाईंनी सारे ऐकून घेतले. तेल कोमट केले आणि म्हणाल्या, "पाय घ्या हिकडं, मास्तर."

देवा, या गुडघ्यांना विसावा दे. या माउलीच्या हातांना बळ दे. या घरची चूल ऊबदार राहो, दारी आलेला तृप्त होऊन जावो, आणि दोघांच्याही सकाळी सुखाच्या होवोत.