एसीला घातलेली सावली

मंडळी, आज दुपारी आमचा एसी नुसताच वारा घालू लागला, गारवा काही येईना. एरवी मी अंगणात माडाखाली जाऊन बसलो असतो. पण आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाच झालाय, पट्टीखाली घाम आला की ती कळवळते.

रिमोट तपासला, जाळी धुऊन लावली, तरी तेच. शेवटी कुडाळच्या मेकॅनिकला फोन केला. त्याने विचारलं, "काका, भायल्या युनिटाक वारो लागता मां?"

मी फोन कानाला धरूनच खिडकीतून बाहेर पाहिलं. काल ती बाहेरची पेटी उन्हात तापताना बघून मला दया आली होती. मीच तिला चारही बाजूंनी विणलेल्या झावळ्या घट्ट बांधल्या होत्या, तसं त्याला फोनवर सांगितलं.

ही आतून ओरडली, "अवो, ती काय म्हस आसा, गोठो बांधूक?"

झावळ्या सोडल्या. मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे मेन स्विच बंद करून अर्धा तास थांबलो. तेवढा वेळ हिच्या उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत चौथीतली कविता म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याला अडखळलो, तर डोळे मिटूनच हिने पुढची ओळ म्हटली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, हिला ती कविता येते हे मला आज कळलं!

स्विच चालू केला आणि थोड्याच वेळात खोली गार झाली. मी उठू लागलो तर म्हणाली, "बसा. अजून दोन कडवी रवली."

तुमच्या घरात अशी कविता कोणाला पाठ आहे? कधी विचारलंत का?