कॅमेऱ्यासमोरची सोडेवाली

बंदरावर होड्या लागल्या की आमच्या वाडीतल्या बायका कोळंबी आणायला जातात. आणायची, सोलायची, धुवायची आणि कडक उन्हात वाळवायची, की झाले सोडे. मी लग्न होऊन दाभोळला आले तेव्हापासून हेच करते. मोठी जाऊ आणि मी पडवीत समोरासमोर बसून सोलतो. पूर्वी टोपली घेऊन खाडीपलीकडे गुहागरच्या बाजारात जायचे. गुडघे दुखायला लागले आणि ते बंद झालं.

माझी मुलगी मुंबईत जाहिरातीच्या कंपनीत आहे. तिनं सुचवलं, फोनवरून विक. म्हणाली, "आई, सोडे सगळेच विकतात. लोकांनी तुला बघून घेतले पाहिजेत. तूच ब्रँड." ब्रँड म्हणजे साबणावर, चहाच्या पुड्यावर असतो एवढंच मला ठाऊक. पण मुलगी एवढ्या हौसेनं करतेय म्हटल्यावर मी हो म्हटलं.

तिनं धंद्याला एक इंग्रजी नाव दिलं, ते मला अजून नीट म्हणता येत नाही. मग आमचं शूटिंग. मला हिरवी नऊवारी नेसवली, नाकात नथ, केसांत गजरा, डोक्यावर रिकामी टोपली. एरवी मी गाऊनवर टॉवेल टाकून काम करते. हातात कागद होता, त्यावर लिहिलेलं, अथांग सागराच्या कुशीतून थेट आपल्या ताटात. 'अथांग'शी आले की जीभ अडायची. शेजारीण कुंपणापाशी येऊन विचारून गेली, आज कोणाची हळद आहे म्हणून.

असे पाच व्हिडिओ झाले. पाहिले ते आमच्याच नातेवाइकांनी. ऑर्डर एकच आली, ती सावर्ड्याच्या माझ्या भावाची, आणि तो तर दर महिन्याला येऊन फुकट घेऊन जायचा.

मुलगी सुट्टीला आली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या एका नातेवाइकाकडून नंबर घेऊन पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी कुठूनतरी सोडे घेतले होते, भिजत घातले तर पाणी लालभडक झालं. त्या विचारत होत्या, तुमचेही तसेच का. मी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि सोलता सोलता बोलत राहिले. म्हटलं, चांगला सोडा रंग सोडत नाही. मोडून बघा, कट्कन मोडला पाहिजे, वाकला तर तो ओला. कोमट पाण्यात भिजवा, उकळत्या नको. नाकाला लावा आणि मनाला पटलं तरच घ्या, माझ्याकडचे असले तरी. अर्धा तास गेला. मुलगी समोर बसून गुपचूप तिच्या फोनवर माझा व्हिडिओ काढत होती. मला विचारून तिनं ते तसंच टाकलं. गाऊन, टॉवेल, पडवीत फिरणारं मांजर, सगळ्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन थांबेना. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं, काकी किती अस्सल आहेत. मुलगी ते वाचून दाखवायची आणि मी पुन्हा वाचायला लावायची. खोटं कशाला सांगू, मला फार आवडलं. इतकं आवडलं की मी आणखी अस्सल व्हायला लागले. कमरेवर हात ठेवायचा, आवाज चढवायचा, रंग लावून सोडे विकणाऱ्यांना दोन शिव्या हासडायच्या. लोक हसायचे, बघणारे वाढत होते. मुलगी मुंबईहून कळवायची, आई, असंच चालू दे.

एका दुपारी जाऊबाईंनी नवा व्हिडिओ लावायला सांगितला. पूर्ण बघितला. मग कोळंबी सोलत शांतपणे म्हणाल्या, "कोण गो ही?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"इतकी वर्षं तुझ्यासमोर बसतंय मी. तू कधी मोठ्यानं बोललीस नाय. मोठ्यानं मी बोलतंय. कमरेवर हात पण माझाच. माझी नक्कल करून माल विकतेस काय?"

खरंच होतं. अस्सल म्हणून जी बाई लोकांना आवडत होती ती माझी जाऊ होती, तीही थोडी फुगवलेली. मी तशी हळू बोलणारी. बाजारातसुद्धा गिऱ्हाइकाला दोनदा सांगावं लागायचं. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस फोन हातात घेतला नाही.

त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. वाळत घातलेला सगळा माल दमट झाला, त्याला वास यायला लागला. ऑर्डरी तर घेतलेल्या. मुलीनं सुचवलं, काहीतरी मजेशीर टाकून वेळ मारून नेऊ. मी म्हटलं, नको. एकटीनंच फोन उभा केला आणि माझ्या रोजच्या आवाजात सांगितलं, माल बिघडलाय, पाठवणार नाही. ज्यांना थांबायचं असेल त्यांनी थांबा, नसेल त्यांनी दुसरीकडे बघा. आणि बोलता बोलता तेही सांगून टाकलं, इतके दिवस जी ओरडत होती ती मी नव्हे, माझी जाऊ. ही बघा, इथंच बसलीय.

जाऊबाई कॅमेऱ्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "हिला ओरडता येत नाय धड. माझ्याकडं शिकायला घातली पायजे."

काही लोक गेले. बरेचसे थांबले. ऊन पडल्यावर मी नवा माल वाळवला आणि प्रत्येक पाकिटावर कुठल्या दिवशी सुकवला ते हातानं लिहिलं. मुलगी दोन दिवस थोडी रुसली होती, तिचीही मेहनत होती त्यात. मग तिचाच फोन आला, तेव्हा मी तिला जाऊबाईंचा तो प्रश्न सांगितला. बोलता बोलता म्हणाली, ऑफिसात मी ज्या आवाजात बोलते तो तू ऐकलास तर तूही विचारशील, कोण गो ही. आम्ही दोघी खूप हसलो. इंग्रजी नाव तिनं स्वतःच काढून टाकलं.

आता व्हिडिओत दोघी असतो. जाऊबाई बोलतात, मी सोलते आणि मध्येच एखादं वाक्य टाकते. परवा पुण्याच्या त्या बाई नवऱ्याला घेऊन आल्या. सोडे मोडून पाहिले, हुंगले, मगच पिशवीत घातले. मी चहा टाकला. तोवर जाऊबाईंनी त्या बाईंच्या नवऱ्यासमोर पाट सरकवला होता आणि त्याला कोळंबी सोलायला बसवलं होतं.