टिळा आतल्या बाजूला

मुरबाडच्या स्टँडवर कोणी परक्या माणसानं "गनवाले नाना कुठं राहतात?" असं विचारलं, की ऐकणारा आधी त्यालाच खालीवर बघून घ्यायचा. एकदा नव्यानं बदलून आलेल्या हवालदारानं हे नाव ऐकलं आणि तो खरंच चौकशी करत शेणव्यापर्यंत गेला. तिथं त्याला काय दिसलं? पडवीत तारेला टांगलेली गाड्यांची दारं आणि तोंडाला गमछा गुंडाळून रंगाची गन चालवणारा एक काटकुळा माणूस. नानांनी मान न वळवता त्याला सांगितलं, "सायब, तितंच उभं ऱ्हावा. धूळ आनू नका आत." हवालदार उभा राहिला. पुढच्या आठवड्यात तो आपल्या मोटारसायकलची टाकी रंगवायला घेऊन आला.

नानांचं सगळं काम घरीच. कोणी अख्खी गाडी दारात आणली तर ते खेकसायचे, "आख्खी गाडी कशाला आनलीस? दुखतंय कुटं तेवढंच सोडून आन." म्हणून लोक दार, बोनेट, मडगार्ड सोडवून एसटीच्या टपावर टाकून आणायचे. मी तेव्हा मुरबाड-कल्याण लायनीवर दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होतो. आतमध्ये कोंबून, मागे लोंबकळत माणसं न्यायची, म्हटल्यावर जीपचं अंग कुठं ना कुठं खरचटायचंच. त्यामुळे शेणव्याला माझ्या फेऱ्या फार. येऊन जाऊन नानांनी मला धाकटा भाऊ करून टाकलं. मग त्यांच्या बायकोनं मला भावजी म्हणायला सुरुवात केली आणि मी त्यांना वहिनी. एकुलती पोर लग्न होऊन सासरी गेलेली, घरात दोघंच, त्यामुळे जेवल्याशिवाय तिथून सुटका नसे. त्या घरच्या भाकरीलाही थिनरचा वास यायचा. वहिनी म्हणायच्या, "भावजी, माज्या माहेरची मानसं हितं जेवत नाय, तुमी कसं जेवता?"

नानांचं खरं वैर धुळीशी होतं. काम काढायचं त्या सकाळी वहिनींनी पडवी सारवायची, मग चहूबाजूंनी जुनी लुगडी पाण्यात भिजवून टांगायची, आणि शेजारच्या म्हातारीकडे जाऊन आज भात पाखडू नका म्हणून विनवायचं. म्हातारी मुद्दाम सूप घेऊन अंगणात यायची. एकदा ओल्या बोनेटवर तिच्या भाताचा कोंडा बसला, तेव्हा नाना रागानं काळेनिळे झाले. पण संध्याकाळी त्याच म्हातारीच्या घरून कालवण आलं आणि ते नानांनी मिटक्या मारत खाल्लं.

गन चालू असताना त्या घरात कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. पाहुणा असो, मांजर असो. नानांचा हात दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच चालीनं जायचा, आणि दाराच्या बाहेर गेल्यावरच गनचा घोडा सुटायचा. "मदीच थांबलास का रंगाचा वघळ आला," ते म्हणायचे. मला त्या हाताकडे बघत बसायला आवडायचं, हे कबूल करायला आज जड जातं.

त्यांची एक रीत मी दुसऱ्या कुठल्याही रंगाऱ्याकडे पाहिली नाही. रंगाला हात घालण्याआधी ते प्रत्येक पार्टाच्या आतल्या बाजूला, जिथं कोणाची नजर जाणार नाही तिथं, करंगळीजवळच्या बोटानं कुंकवाचा टिळा लावायचे. कुंकवात वार्निशचे थेंब घातलेले असत, म्हणजे पाण्यानं जाऊ नये. दाराला टिळा आतल्या पत्र्यावर, वर पुठ्ठा बसला की झाकला जायचा. मी म्हटलं, "नाना, हा दिसणार कोणाला?" तर म्हणाले, "भाईरची बाजू गिऱ्हाइकाची. आतली देवाची."

मला त्यांनी रंगवायला शिकवलं नाही, पण रंगवलेलं ओळखायला शिकवलं. ठोकलेला पत्रा सपाट करायला रंगारी त्यावर लांबी भरतात, ती वाळून घासली की डोळ्यांना काही कळत नाही. कानांना कळतं. नाना बोटाच्या पेरानं दारावर टकटक करून दाखवायचे. "आयक. पत्रा बोलतो. लांबी मुकी आसते." चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत, लांबी भरलेल्या जागेचा मेलेला. या विद्येवर मी स्टँडवर पुष्कळ भाव खाल्ला. कोणाचीही जीप दिसली की मी टकटक करून तिची कुंडली सांगायचो.

मग मला स्वतःची जीप घ्यावीशी वाटू लागली. किती दिवस दुसऱ्याचं स्टिअरिंग धरायचं? बायकोनं पाटल्या काढून दिल्या. मी पहिल्यांदा नानांना सांगितलं, आणि काही दिवसांनी त्यांनीच निरोप धाडला, शहापूरला एक जीप आहे, बघून घे. मी म्हटलं, तुम्ही बरोबर हवेत. ते आले. एका मोकळ्या मैदानात दलालानं ती पांढरी जीप आणून उभी केली होती. काय चकाकत होती! नानांनी भोवती एक फेरी मारली, दारावर तळहात फिरवला. मी सवयीनं पेर वाकवून दारावर ठोकणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"मी हाय ना," नाना म्हणाले.

मी हात खाली घेतला. थोरला भाऊ उभा असताना आपण ठोकून बघायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं झालं असतं. त्यांनी स्वतः एका जागी टकटक केलं. पत्रा खणखणीत बोलला. "साफ हाय. घे," ते म्हणाले. मी घेतली.

जीप पहिल्या दिवसापासून डावीकडे ओढायची. मी नानांना विचारलं, ते म्हणाले, रस्ते खराब आहेत. टायर एका बाजूनं झिजले, ते म्हणाले, टायर हल्ली असेच येतात. मला पटायचं. स्टँडवरच्या सगळ्या जीपा ठोकणारा मी, स्वतःच्या जीपवर कधी पेर टेकवलं नाही; नानांनी ठोकलेलं पुन्हा काय ठोकायचं? ते मुरबाडला बाजाराला यायचे तेव्हा मी आग्रह करायचो, चला, सरळगावपर्यंत तरी सोडतो. नाना हात हलवायचे. "नको रे. जीपमदी मला मळमळतं. मला येष्टीच बरी." वहिनी एकदा बसायला निघाल्या होत्या, पायसुद्धा ठेवला होता, तर त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. मी हसलो होतो. म्हातारा एसटीवर भाळलाय, असं मी बायकोला सांगितलंही होतं. बायको आणि माझी आई मात्र त्याच जीपमधून यात्रेला जाऊन आल्या. नाना तेव्हा स्टँडवर उभे होते. त्यांनी माझ्या आईला हात जोडून नमस्कार केला आणि हळू चालव म्हणाले.

शेवटी एका दुपारी भरल्या गाडीसह एका वळणावर जीपनं मला जुमानलं नाही. मी उजवीकडे फिरवतोय आणि ती डावीकडे नाल्यावर चाललीय. पुलाचा कठडा होता म्हणून थांबली. कोणाला फारसं लागलं नाही. एक बाई मात्र उतरून आपलं लेकरू पोटाशी धरून तिथंच रस्त्यात बसली आणि कितीतरी वेळ उठेना. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

मिस्त्रीनं जीप खालून बघितली आणि सांगितलं, ही कधीतरी पुरती उलटलेली आहे, हिची चेसी, म्हणजे खालचा सांगाडाच, वाकलेला ठोकून सरळ केलाय. माझा विश्वास बसला नाही. नानांनी बघून दिलीय, मी म्हटलं. कठड्याला घासून काच अडकली होती म्हणून मिस्त्रीनं डाव्या दाराचा आतला पुठ्ठा काढला.

आत कुंकवाचा टिळा होता.

मी दुसऱ्या दाराचाही पुठ्ठा काढायला लावला. तिथंही. बोनेटच्या खाली, पट्टीच्या आडोशाला, तिथंही. नानांचं बोट मी कुठंही ओळखलं असतं. टिळा जरा डावीकडे कललेला. मग मी पेर वाकवून ठोकत सुटलो. सगळी जीप मुकी होती. नानांनी ठोकली होती तेवढीच जागा बोलत होती.

ते दार सोडवून, एसटीच्या टपावर टाकून मी शेणव्याला गेलो. नाना पडवीत होते, गन चालू होती. मी ओरडणार होतो, रस्ताभर शिव्या जुळवल्या होत्या. पण नानांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, "थांब. रंगाचा कोट ओला हाय." आणि मी थांबलो! दार खांद्यावर घेऊन, कोट संपेपर्यंत गुपचूप उभा राहिलो. स्वतःचा एवढा राग मला पुन्हा कधी आला नाही.

गन ठेवून ते वळले. मी दाराची आतली बाजू त्यांच्यापुढे केली. त्यांनी टिळ्याकडे बघितलं आणि गमछा तोंडावरून खाली ओढला.

"पोरीची गाडी व्हती रे," ते म्हणाले. "कागुद जावयाच्या भागीदाराच्या नावावर. कसाऱ्याच्या घाटात उलाटली. इकली नसती त पोर रस्त्यावर आली असती."

"मग मीच सापडलो तुमाला?"

"दुसऱ्या कोनी ठोकून बगितल्याबिगर घेतली नसती."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. माझा विश्वास हीच त्यांची लांबी होती.

मी विचारलं, "नाना, तुमी या गाडीत कदी बसला नाय. वैनींना बसू दिलं नाय. माजी आय बसली तवा हात जोडलेत. काय म्हनून जोडलेत?"

वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. नानांनी गमछा पुन्हा तोंडावर बांधला आणि गन उचलली. मी दार घेऊन परत निघालो. त्या घरातलं पाणी न पिता निघण्याची ती माझी पहिलीच वेळ.

जीप मी भंगारात घातली, माणसं कोंबायला दुसऱ्या कोणाला विकली नाही. पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झालो. ते दार तेवढं ठेवलं. त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं, टिळ्याची बाजू बाहेर. बायको म्हणते, उलटं लावलंय, चकाकती बाजू बाहेर करा. पण ती कोंबड्यांनीच बघावी. उन्हापावसात इतकी वर्षं गेली, रंगाचा पापुद्रासुद्धा निघालेला नाही. काम करावं तर नानांनी, यात वाद नाही, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

नाना छातीच्या दुखण्यानं गेले. निरोप आला तेव्हा जाऊ नये असं ठरवलं होतं, तरी दहाव्याला गेलोच. पडवीत एक मडगार्ड टांगलेलं होतं, रंग न लागलेलं. मी वाकून आतल्या बाजूला बघितलं. टिळा होता. माझं बोट आपसूक त्या टिळ्यावर फिरलं आणि त्याचाही मला रागच आला. हाच माणूस गेला म्हणून रडायचं आणि याच माणसानं माझ्या आईला त्या जीपमध्ये बसू दिलं, ही दोन्ही खरी. ती दोन्ही मी कुठं ठेवू?

निघताना नानांचा जावई पुढे आला. आता त्याच्याकडे नवी कोरी गाडी होती. "मामा, चला ना, मुरबाडपर्यंत सोडतो," तो म्हणाला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"नको," मी म्हटलं. "मला येष्टीच बरी."

वहिनींनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. मी फाट्यापर्यंत चालत गेलो आणि एसटीची वाट बघत उभा राहिलो.